डाव्या बाजूचा फोम

टेलरकाका आणि काकू एकाच घरात राहून तीन आठवडे एकमेकांशी एक शब्दही बोललेले नाहीत, हे मला वहिनीने सांगितलं. ती दुरुस्तीला टाकलेला कोट आणायला त्यांच्याकडे गेली होती. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. काका मशीनपाशी बसलेले, काकू आतल्या दारात उभ्या, मध्ये चार हातांचं अंतर. काका वहिनीला म्हणाले, "तिला विचार, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय." काकूंनी किल्ली वहिनीच्या हातात दिली आणि वहिनीने ती काकांच्या हातात दिली.

"पोस्टमन झाल्यासारखं वाटलं मला," वहिनी म्हणाली. "हसता येईना, रडता येईना."

"पण भांडण कशावरून?" मला कारण माहीत होतं, तरी मी विचारलं.

"काका म्हणतात, पोरगा हावरटपणाने गेला. शर्यत जिंकायला जेट स्की हलकी हवी म्हणून त्याने आतला फोम काढून घेतला. काकू म्हणतात, माझा मुलगा असं करणार नाही. झालं, एवढंच."

दादा समोर जेवत होता. त्याने पाण्याचा पेला उचलला, तोंडापर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला.

त्यांच्या मुलाला सगळे बगळा म्हणायचे. सहा फुटांच्या वर उंची, अंगावर मांस नाही, आणि बोलता बोलता एक तळपाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून उभं राहायची सवय. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि आणखी कुठलं नाव त्याला शोभलंही नसतं. दादाचा तो शाळेपासूनचा मित्र.

जेट स्की म्हणजे पाण्यावर चालणारी मोटरसायकल. तिच्या दोन तऱ्हा असतात. बसून चालवायची ती बैठी आणि उभ्याने चालवायची ती उभी. आमच्या वर्कशॉपमध्ये उभ्याच येतात, कारण तलावावरच्या क्लबच्या शर्यती त्यांच्याच असतात. उभीची बॉडी फायबरची, होडीसारखी आणि पोकळ. मध्ये इंजिनाची खोली, आणि तिच्या पुढे, डावीकडे आणि उजवीकडे असे तीन बंद कप्पे. त्या कप्प्यांत कडक फोम भरलेला असतो. स्की नीट चालत असताना हा फोम काहीच करत नाही, उलट वजन वाढवतो. त्याचं काम एकदाच पडतं. इंजिनाच्या खोलीत पाणी भरलं की स्कीला वर धरून ठेवायला दुसरं काही उरत नाही, फक्त फोम. स्की तरंगत राहिली तर माणूस तिच्यावर पालथा पडून मदतीची वाट पाहू शकतो. "स्की सोडायची नाही" हा नियम क्लबच्या भिंतीवर सगळ्यात वर लिहिला आहे.

पण फोम म्हातारा झाला की पाणी पितो. त्याच्या बारीक बारीक बुडबुड्यांच्या भिंती फुटतात, कुठल्या तरी बोल्टच्या भोकातून किंवा सांध्यातून पाणी शिरतं, आणि शिरलेलं पाणी बाहेर यायचं नाव घेत नाही. बाहेरून काही दिसत नाही. कळतं ते वजनकाट्यावरच.

बगळ्याची उभी तीन हातांतून फिरून त्याच्याकडे आली होती. शर्यतीला आठ दिवस असताना त्याने ती आमच्याकडे आणली, आणि आम्ही ती काट्यावर घेतली. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या वजनापेक्षा तेवीस किलो जास्त भरली.

"तेवीस?" बगळा म्हणाला. "म्हणजे दोन वर्षं मी कुणाला तरी पाठुंगळीला मारून शर्यत लावतोय की!"

"म्हणूनच शेवटून पहिला येतोस," दादा म्हणाला.

"शेवटून पहिला म्हणजे पहिलाच. बाबांना मी तसंच सांगतो."

मी तेव्हा रसायनशास्त्राची पदवी घेऊन सात महिने घरी होते. नोकरी मिळेपर्यंत दादाला मदत करायची असं ठरलं होतं. दादा सगळं हाताने आणि कानाने करायचा. बॉडीवर बोटांनी टकटक करायचा, आवाज ऐकायचा आणि "भिजलाय" म्हणायचा. मला त्या टकटकीची चीड यायची. मी एक वही सुरू केली, एक बारीक काटा आणला आणि प्रत्येक स्कीचे आकडे लिहायला लागले. दादा मला प्रोफेसर म्हणायचा, थोडं कौतुकाने आणि थोडं चिडवायला.

फोम भिजला की दादाचा इलाज ठरलेला. तिन्ही कप्पे उघडायचे, सगळा फोम खरवडून काढायचा, बॉडी दहा-बारा दिवस वाळवायची आणि दोन द्रव मिसळून नवा फोम ओतायचा. मिसळलेला द्रव पाहता पाहता तीसपट फुगतो आणि तापतो. बॉडी ओलसर असली तर बुडबुडे बिघडतात, एकदम जास्त ओतला तर कप्पाच फुगून येतो. त्यामुळे घाई करून चालत नाही. "ठेवायचा तर सगळा, काढायचा तर सगळा," हे दादाचं पालुपद. का, असं विचारलं की म्हणायचा, "कारण मी सांगतोय."

मला हे कारण पुरेसं वाटत नव्हतं. मी एका बारीक पाइपाला दाते पाडून कटर केला होता. कप्प्याच्या भिंतीला इंजिनाच्या खोलीतून अंगठ्याएवढं भोक पाडायचं, कटर फिरवायचा आणि फोमची कांडी बाहेर ओढायची. कांडी तोलली की पाणी किती ते कळतं. मग भोक बुचाने बंद. बगळ्याच्या स्कीच्या पुढच्या कप्प्यातली कांडी चिमटीत धरली तर पाणी ठिबकलं. बाजूच्या फोमच्या मी तीन कांड्या काढल्या. तिन्ही कोरड्या, फिकट पिवळ्या, बिस्किटासारख्या कट्कन मोडणाऱ्या. एक सोडून तीन नमुने घेतले याचा मला अभिमान वाटला होता.

मग मी हिशेब मांडला. स्की पूर्ण पाण्याने भरली तर इंजिन, पंप आणि फायबर मिळून अडुसष्ट किलो खाली ओढतात. बाजूच्या दोन कप्प्यांत ऐंशी लिटर फोम आहे, तो सत्त्याहत्तर किलो वर उचलतो. नऊ किलो हाताशी राहतात. म्हणजे पुढचा भिजलेला फोम काढून कप्पा रिकामा ठेवला तरी स्की तरंगेल. बारा दिवस वाळवायला नको, ओतायला नको, शर्यत चुकवायला नको.

बगळ्याने वही हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. "बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तू तर काडीच काढून घेतेस."

"तीनपैकी दोन काड्या ठेवतेय."

"नको गं." त्याने वर घेतलेला पाय खाली टेकवला. "काढलास तर परत भरून दे. मी पुढची शर्यत खेळेन, मला घाई नाही. बाबांना शब्द दिलाय, स्कीमधलं काही कमी करणार नाही म्हणून. त्यांच्या लेखी ती कापडातली चोरी."

"यात चोरी कसली? पुस्तकातले आकडे आहेत. शर्यत कशाला सोडतोस?"

"मला ते आकडेबिकडे कळत नाहीत. परतच भर."

मी त्याला पुन्हा समजावलं. अडुसष्ट, सत्त्याहत्तर, नऊ. मला माझा हिशेब पाण्यावर चाललेला बघायचा होता, हे आज मी मान्य करते. तेव्हा मला वाटत होतं की मी त्याची शर्यत वाचवतेय.

शेवटी तो हसला. "तू सांगतेस ना, डॉक्टरीणबाई? मग झालं."

दादा फडक्याला हात पुसत उभा होता. त्याने मला विचारलं, "नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

पुढचा फोम काढल्यावर आम्ही स्की पुन्हा काट्यावर घेतली. अकरा किलो उतरले होते. पुस्तकापेक्षा अजून बारा जास्त होते. आधीच्या तीन मालकांनी तिच्यावर फायबरचे तुकडे मारले होते, रंगावर रंग चढवले होते. मी वहीत लिहिलं, "जुन्या दुरुस्त्या आणि रंग, अंदाजे बारा किलो." त्या अख्ख्या वहीत "अंदाजे" हा शब्द एवढ्या एकाच आकड्यापुढे आहे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेनऊला बगळा सरावाला गेला. एकटाच. थंडी सरत आली होती, पण तलावाचं पाणी अजून हात घातला की कळ जावी असं होतं. तलावाच्या मध्यावर इंजिनावरच्या झाकणाचा पट्टा तुटला असावा. झाकण उडालं आणि दोन लाटांत इंजिनाची खोली भरली. क्लबच्या पहारेकऱ्याने त्याला दहाच्या सुमारास पाहिलं, नंतर पाहिलं नाही. पलीकडच्या काठाला गेला असेल असं त्याला वाटलं. पाऊण वाजता बोट निघाली आणि एक वाजून दहा मिनिटांनी बगळा सापडला. अंगातल्या जाकिटाने त्याचं तोंड पाण्याच्या वर धरून ठेवलं होतं. तो बुडाला नव्हता. गारठून गेला होता. काठ सगळीकडून जवळजवळ एक किलोमीटर, आणि पालथं पडायला स्की उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी स्की चौदा मीटर खोलीवरून वर काढली. धक्क्यावर क्लबचा सेक्रेटरी होता, टेलरकाका होते, दादा आणि मी होतो. सेक्रेटरीने पुढच्या कप्प्यात टॉर्च मारला. कप्पा रिकामा.

"फोम कुठे गेला?" त्याने दादाला विचारलं.

दादाने त्या उजेडाकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "त्यानेच काढायला सांगितला. हलकी हवी होती त्याला."

मी दादापासून हातभर अंतरावर उभी होते. मूग गिळून उभी राहिले. काकांनी दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि चालत निघून गेले. त्या स्कीचं पुढे काय करायचं हे कुणीच सांगितलं नाही. ती आमच्याकडे आली आणि शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिली. दादा तिच्याकडे पाठ करून काम करायचा.

वहिनीने ती किल्लीची गोष्ट सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताडपत्री ओढली. काकाकाकूंना खरं सांगावं म्हणून नव्हे, इतकी मी चांगली नाही. मला कारण हवं होतं. माझ्या हिशेबाने ती स्की तरंगायला हवी होती.

"काय करतेस?" दादा धावत आला.

"कापून बघणार आहे."

"झाकली मूठ आहे ती. झाकलेलीच राहू दे."

तोवर मला दिसलं होतं. कापायच्या आधीच दिसलं. स्की डाव्या कुशीवर पडली होती. सगळ्याच स्की आमच्याकडे डाव्या कुशीवर पडलेल्या असतात. उजवीकडे कलती केली तर धुराच्या नळीतलं पाणी इंजिनात उतरतं, म्हणून उभी हाताळणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी हेच शिकतो, फक्त डावीकडे. स्की ठेवायच्या आमच्या लाकडी घोड्यांना गादीसुद्धा त्याच बेताने लावलेली आहे. आणि माझी तीन बुचं, नमुन्यांची, वरच्या बाजूला, झाकण नसलेल्या इंजिनाच्या खोलीतून माझ्या डोळ्यांसमोर होती. तिन्ही उजव्या कप्प्यात. जी बाजू वर होती, जिथे हात सहज पोचत होता, तिथेच मी तीनदा भोक पाडलं होतं आणि त्याला तीन नमुने म्हटलं होतं. तीन मालक, कितीतरी वर्षं, ही स्की डाव्या कुशीवर ठेवत आले होते. आत शिरलेलं पाणी जाणार कुठे?

"धर," मी दादाला म्हणाले. त्याने का कोण जाणे, धरली.

आम्ही ती उताणी करून ग्राइंडरने डावा कप्पा कापला. मोठा टब खाली ठेवला होता. पातं आत गेल्याबरोबर पाणी यायला लागलं, काळपट, जुन्या ऑइलचा आणि चिखलाचा वास येणारं. फोम स्पंजासारखा झाला होता, बोट आत जात होतं. मग उजवा कप्पा कापला. तोही त्याच तलावात, त्याच खोलीवर, तेवढेच दिवस पडून होता, आणि तो कोरडा ठणठणीत होता. म्हणजे डावीकडचं पाणी त्या तीन दिवसांतलं नव्हतं. ते कितीतरी आधीपासूनचं होतं, मी वहीत हिशेब मांडत होते तेव्हाही तिथेच होतं.

उजवा फोम दीड किलोच्या आत भरला. डावा, टबातलं पाणी धरून, पंधराला जरा कमी, म्हणजे तेरा किलो नुसतं पाणी. सत्त्याहत्तरातून तेरा गेले, चौसष्ट उरले. हवे होते अडुसष्ट. वहीतले "अंदाजे बारा किलो" रंगाचे नव्हते.

"चार किलो कमी पडले," मी म्हणाले. "पुढचा फोम भिजलेला का होईना, असता तरी ती तरंगली असती."

दादा टबाशेजारी खाली बसला. 

"अशाच रीतीने आपण आणखी दोन स्की केल्यात," मी म्हणाले. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने खिशातून फोन काढला होता. त्या दोन्ही स्कींच्या मालकांना त्याने आज पाण्यात उतरू नका म्हणून सांगितलं. एका रबरी सीलमध्ये दोष निघालाय, तपासायला आणा, असं कारण दिलं. दुपारपर्यंत दोन्ही स्की शेडमध्ये आल्या. या वेळी मी डावीकडून कांड्या काढल्या. एक कोरडी निघाली. दुसरी हातात घेतल्याबरोबर कळली, तोलायची गरज नव्हती.

"झालं ना?" दादा म्हणाला. "दोघींनाही सगळा नवा फोम भरू. आता यातून कुणाला काही होणार नाही. मग काकांना सांगून काय साधणार आहे? तो परत येणार आहे का?"

"काका आणि काकू बोलत नाहीत."

"आपण सांगितल्यावर बोलतील? आणि उद्या आपल्याकडे स्की कोण आणेल, ते सांग. वर मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललोय. ते कसं गिळायचं त्यांनी?"

वहिनी दाराशी बसून एका बॉडीला पॉलिशपेपर मारत होती. तिने हात थांबवला. "अहो, खोटं बोलायचंच तर जिवंत माणसाच्या नावावर बोलावं. तो येऊन भांडू तरी शकतो."

 मी हात धुतले. काळा चिकटा नखांतून निघत नव्हता.

"मी येणार नाही," दादा म्हणाला.

"नको येऊस. पण तुझं नाव मी घेणार. माझ्यानंतर."

"घे," तो म्हणाला आणि ग्राइंडरचं पातं बदलायला लागला, ते बदलायला झालेलं नसताना.

काकांच्या दुकानात दुपारचं ऊन मशीनच्या पायडलपर्यंत आलं होतं. गळ्यात टेप, समोर खडूने रेघा मारलेलं करडं कापड. कात्री कापडावर होती, पण कापत नव्हती. आतल्या खोलीत नळ सुरू होता आणि भांड्यांचा आवाज येत होता.

"ये," काका म्हणाले. "काय शिवायचंय?"

"काही नाही, काका."

"मग बस. आजकाल बिनमापाचीच माणसं येतात."

मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलले असते. मी आधी तेच सांगितलं जे सगळ्यांत पुढे सांगायला हवं होतं, की फोम काढायला त्याने सांगितलं नव्हतं. तो परत भरून दे म्हणत होता. मीच त्याला पटवलं. मग हिशेब सांगितला, मग शर्यतीला राहिलेले दिवस, मग ती कोरडी निघालेली बाजू आणि ती भिजलेली. शेवटी धक्क्यावरचं दादाचं वाक्य, आणि तेव्हाचं माझं गप्प बसणं.

 माझं संपल्यावर काकांनी विचारलं, "भोकं किती पाडलीस?"

"तीन."

"तिन्ही एकाच बाजूला?"

"हो."

"का?"

"ती बाजू वर होती."

"वर होती," काका म्हणाले. टेपचं एक टोक ते बोटाला गुंडाळत होते. "चाळीस वर्षं माणसांचे खांदे मोजतोय मी. दोन्ही सारखे असलेला माणूस अजून दुकानात आलेला नाही. शिकत होतो तेव्हा एक बाही मोजून दोन्ही कापल्या, तर माझ्या उस्तादाने लाकडी गज घातला होता पाठीत." त्यांनी टेप सोडून दिली. "तुला कुणी शिकवलं नाही हे?"

"शिकवलं होतं. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी."

ते ओरडतील असं मला वाटत होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खडू उचलला, आधीच मारलेल्या रेघेवरून पुन्हा एकदा फिरवला आणि विचारलं, "परत भर, असं म्हणाला तो? नेमकं काय म्हणाला?"

"म्हणाला, मला घाई नाही, मी पुढची शर्यत खेळेन. म्हणाला, बाबांना शब्द दिलाय, स्कीमधलं काही कमी करणार नाही म्हणून. त्यांच्या लेखी ती कापडातली चोरी."

"कापडातली चोरी म्हणाला?"

"हो."

"ते मी म्हणायचो." काका कापडाकडे बघत राहिले. आत भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग ते हळू आवाजात बोलायला लागले, बहुतेक आत ऐकू जाऊ नये म्हणून. "स्की वर काढली ना, त्याच दुपारी हॉस्पिटलने त्याला आमच्या ताब्यात दिलं. मी थेट धक्क्यावरूनच गेलो होतो. तुझ्या भावाचं वाक्य कानात. मी त्याच्या तोंडावरची चादर बाजूला केली आणि म्हणालो, घे, झालास हलका." ते थांबले. "ही शेजारी उभी होती. तेव्हापासून बोललेली नाही. लोकांना वाटतं, आम्ही कोण चूक यावर भांडतोय."



"रागात होतो तोवर बरं चाललं होतं," काका म्हणाले. ते उठले. उठताना त्यांनी मशीनचा आधार घेतला. "आत जा. हे सगळं तिला सांग, मला सांगितलंस तसंच. माझ्या तोंडून ती ऐकणार नाही."

"तुम्हीही चला ना, काका."

"नको. तू सांग. मी बाहेर थांबतो. तिने हाक मारली तर येईन."

ते दुकानाच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी आत गेले. काकू मोरीपाशी होत्या. मला पाहून त्यांनी नळ बंद केला आणि स्टूल पुढे सरकवलं. मी उभीच राहिले.

"काकू, फोम काढायला त्याने सांगितलं नव्हतं."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. जराही न थांबता. "मग कुणी?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग मी सगळं पुन्हा सांगितलं, त्याच क्रमाने. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त छोटं वाटलं. तीन भोकं, एक बाजू, चार किलो. काकू ओले हात तसेच पुढे धरून ऐकत होत्या आणि पाणी बोटांवरून फरशीवर पडत होतं.

"हे त्यांना सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

काय म्हणाले ते मी सांगितलं. रागात होतो तोवर बरं चाललं होतं, हेही सांगितलं. ते बाहेर थांबलेत, तुमच्या हाकेची वाट बघताहेत, हेही सांगितलं.

काकूंनी हात पुसले. बोटं एकेक करून पुसली. त्या उभ्या होत्या तिथून मधलं दार उघडं होतं, त्यापुढे दुकान, आणि त्यापुढे पायरीवरची काकांची पाठ. उजवा खांदा किंचित खाली. काकू पुढे आल्या तेव्हा मला वाटलं, त्या हाक मारणार. त्यांनी दार लोटलं, आवाज न करता, आणि कडी घातली.

"त्यांना बाहेरच राहू दे," त्या म्हणाल्या. "तू मागच्या दाराने जा."

मागच्या बोळातून वळून रस्त्यावर यायला मला एक मिनिट लागलं असेल. काका तसेच उभे होते. मला रस्त्यावरून येताना पाहून त्यांना आधी काही उमगलं नाही. त्यांनी मागे वळून दुकानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांगितलंस?"

"हो."

"काही म्हणाली?"

खोटं बोलणं सोपं होतं. रडताहेत, थोडा वेळ द्या, एवढं म्हटलं असतं तरी त्यांना पुरलं असतं.

"तुम्हाला बाहेरच राहू दे म्हणाल्या," मी म्हणाले.

काकांनी मान डोलावली. मग हाताने पायरीवरची धूळ झटकली आणि तिथेच बसले.